पावणेदोन मीटर

येळ्ळूरच्या कुगजी वहिनींनी
पावणेदोन मीटर अस्तर मागितलं, मोतिया रंगाचं.
मी शिडीवर, वरच्या फळीशी.
खाली बसलिंगनं पट्टी सरकवली
एकदा, दोनदा, वर पाव,
आणि कात्री चालली
त्या आवाजात, जो परत घेता येत नाही.

"काय करूलालास रे?"
"पाव. ने. दोन," त्यानं बोटांवर फोड करून दाखवली.
"दोन आणि पाव. एरडूकालु. बरोबर की, अक्का?"

बैलहोंगलचा पोरगा. महिना झालाय दुकानात.
सव्वा शिकला, दीड शिकला,
पावणे मात्र त्यानं उसवून बघितला
आणि आत त्याला बेरीज दिसली.
मला चाळीस वर्षांत दिसली नव्हती,
पण आहे खरी, दिसण्यासारखी.

त्याच्याकडं हे ओंदूमुक्कालु.
हातात एक आहे, वर तीन पाव, संपलं.
आम्ही येणाऱ्या आकड्याचं नाव आधीच घेऊन बसतो
आणि मग जरा ओशाळून पाव कमी सांगतो.
गोवावेसला अडकलेला माणूस
फोनवर "पोचलोच" म्हणतो, तसं.

कापड टेबलावर घेतलं.
पाव मीटरची घडी, तिच्यावर घडी.
नऊ झाल्या. दोन उलगडून बाजूला टाकल्या.
"सात वहिनींच्या," मी म्हटलं, "दोन आपल्या चुकीच्या."
बिलबुकाच्या पाठीवर लिहिलं,
चारच्या डोक्यावर सात.
"डोकं जड झालंय याचं," तो म्हणाला.
मग चार उतरवले, त्यांचा एक केला,
तो डावीकडं उभा केला सरळ.
वर उरले तीन.

"मधे खूण नाही, अक्का?"
"नाही."
"म्हणजे गुणिले?"
"करून बघ."
केलं त्यानं. एक गुणिले पाऊण, पाऊणच.
होता तो एकसुद्धा घरात राहिला नाही.
बराच वेळ पेन्सिल कानामागं.
"मग बेरीजच आहे. न लिहिलेली."

समोरच्या भांड्यांच्या दुकानाची पाटी,
दोन लिप्या, एकीखाली एक, मधे बारीक रेघ.
तिथं अंश कुठला नि छेद कुठला
हे आमच्या शहापुरात कुणी मोठ्यानं विचारत नाही.

उरला अर्धा मीटर.
ऐंशी रुपये भाव, म्हणजे चाळीस.
"माझ्या पगारातून," बसलिंग.
"दुकान माझं," मी.
"माझ्या तोंडात पान होतं," वहिनी,
"मीच नीट बोलले नाही."
तिघांत चाळीस.
तेरा पूर्णांक एक तृतीयांश.
रुपयाचा तिसरा हिस्सा
कुठल्या टांकसाळीत पडतो कोण जाणे.
तेरा-तेरा टाकले गल्ल्यात. एकोणचाळीस.
वहीत लिहिलं: येणे बाकी एक रुपया.
कुणाकडून, ते लिहिलं नाही.

आणि तो तुकडा?
अर्ध्याचा तिसरा भाग, मीटरचा सहावा,
जेमतेम सतरा सेंटिमीटर.
रुमालसुद्धा होत नाही नाकापुरता.
वहिनींनी नको म्हटलं, त्यानं नको म्हटलं.
आता तो मीटरपट्टीला गुंडाळलेला असतो रात्री,
सकाळी सोडताना
बसलिंग त्याची नऊ-सातची गोष्ट
नवीन गिऱ्हाइकाला सांगतो, अर्धी कन्नडात.

काल गर्दीत कुणीतरी अडीच मागितलं.
त्यानं बरोबर मोजलं, कापलंही बरोबर.
मग कागदात बांधता बांधता विचारलं,
"अक्का, एरडूवरेत एरडू दिसतो.
तुमच्या अडीचमधे दोन कुठं आहे?"

मी शब्द उलटा केला, सुलटा केला.
कुठंच नव्हता.
गिऱ्हाईक सुट्ट्या पैशांसाठी हात पुढं करून उभं,
आणि पुडक्यात ते दोन, दोरीखाली,
वर अर्ध्याची घडी.